मिनिटाला वीस थेंब

प्लंबरला थेंबथेंब येणारा नळ बघवत नसे. त्यामुळे वॉर्डात आईच्या उशाशी बसून सलाईनचे थेंब बघताना त्याचा जीव टांगणीला लागला होता. दोन दिवसांच्या जुलाबांनी आई पार सुकून गेली होती.

"सिस्टर, ग्लुकोज लावा ना, ताकद येईल," सकाळी त्याने सुचवून पाहिलं होतं.

"साखरेच्या पाण्याने कसली ताकद? जुलाबात अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत. ते या आरएल सलाईनच्या बाटलीतून भरून काढायचे. पण आईंचं हृदय दुबळं आहे, म्हणून मिनिटाला वीसच थेंब," सिस्टर घड्याळात बघत म्हणाल्या होत्या.

त्याने नंदीबैलासारखी मान हलवली. दुपारी सिस्टर नवी बाटली लावून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या, आणि याचे हात शिवशिवले. नळीवर एवढंसं चाक. अडलेलं पाणी मोकळं करण्यात तर जन्म गेला! त्याने चाक पूर्ण सोडलं. धार लागली. मग स्वारी खूश होऊन चहाला गेली.

परत आला तेव्हा बाटली जवळजवळ रिकामी होती आणि आई तोंडाने श्वास ओढत होती. छातीत घुरघुर, ओठ काळेनिळे. त्याने बोंब ठोकली. सिस्टर धावत आल्या, चाक बंद केलं, आईला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरही आले.

"हे चाक कोणी फिरवलं? किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

चाक आपोआप सैल झालं, असं त्याला म्हणता आलं असतं. पण मग बोलणी सिस्टरना बसली असती. आणि समोर आई गुदमरत होती.

"मी," तो म्हणाला. "पाव तास झाला. सगळी बाटली गेली. मीच गाढव!"

"बरं झालं सांगितलंत. म्हणजे पाणीच जास्त झालंय," डॉक्टर म्हणाले आणि लगेच लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत घुरघुर थांबली, ओठांवर रंग आला. प्लंबर सिस्टरांपुढे हात जोडून उभा राहिला. बोलायला गेला आणि रडूच फुटलं. या बाईने आपली आई आपल्याला परत दिली, एवढंच त्याला कळत होतं.

"रडू नका. उद्या पुन्हा लावू तेव्हा थेंब मोजा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली पुन्हा लागली. तो घड्याळ समोर ठेवून बसला. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. हात मात्र मांडीखाली दाबून धरलेले.

आईने डोळे किलकिले केले.

"आयुष्यभर लोकांचे गळके नळ बंद केलेस," ती हळूच म्हणाली, "आता एवढा एक गळू दे रे बाबा."