हंसाबाईचं हसू

फुलसावंगीपासून कोसभरावरच्या तांड्यात हंसाबाई हसली की विहिरीपर्यंत ऐकू जाई. हसताना तिला उभं राहता येत नसे. मटकन खाली बसायची आणि शेजारणीचा हात घट्ट धरून ठेवायची. तिच्या संगतीनं शेतात तण काढताना निंदणाची पात कधी संपली ते बायकांना कळत नसे.

१९५९च्या पावसाळ्यात तिची तीन वर्षांची सोनी तापानं गेली. पुढे हंसाबाई काम सगळं करी, पण बोलणं 'हो' आणि 'नाई' एवढंच. तिचा नवरा हरिसिंग महागावच्या बाजारातून चोळीला लावायचे आरसे घेऊन आला. तिनं ते न पाहता डब्यात ठेवून दिले. सोनीचं नाव घरात कोणी काढत नसे. सासू लालीबाई एकटी असली की रडून घेई.

दिवाळीनंतर तांड्यात कुंदा आली. यवतमाळच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, बावीस वर्षांची, नवी ग्रामसेविका. बिनधुराची चूल कशी घालायची हे बायकांना दाखवायचं काम तिच्याकडे होतं. लालीबाईनं आपलं घर देऊ केलं. कुंदानं चार दिवस खपून माती मळली, चूल घातली, भिंतीला भोक पाडून धुराचा नळ बसवला आणि चूल वाळावी म्हणून आत गरम राख पसरून ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी दहा-बारा बायका दाटीवाटीनं घरात बसल्या. हंसाबाई कोपऱ्यात ज्वारी निवडत होती.

"आता बघा," कुंदा म्हणाली, "सगळा धूर नळातून बाहेर जाईल. डोळे चुरचुरणार नाहीत, खोकला येणार नाही."

तिनं काड्या पेटवल्या. धूर नळाकडे गेलाच नाही. तो चुलीच्या तोंडातून बाहेर आला आणि घरभर पसरला. बायका खोकू लागल्या. कुंदानं घाईघाईनं फुंकणी घेतली आणि जीव खाऊन फुंकली. आतली सगळी राख उसळून तिच्या तोंडावर आली. केस, भुवया, नाक, सगळं राखेनं माखलं. तशाच तोंडानं, डोळ्यांतून पाणी गळत असताना ती शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "घाबरू नका. हिच्यात धूर होत नाही."

कोपऱ्यात सूप खाली पडलं. हंसाबाई हसत होती. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज फुटला. शेजारणीचा हात धरून, वाकून, ती पोट दुखेपर्यंत हसली.

कुंदाला अपमान वाटला. चार दिवसांची मेहनत आणि वर हे हसणं! काहीतरी बोलावं म्हणून ती वळली, तर बाकीची एकही बाई हसत नव्हती. सगळ्या हंसाबाईकडे पाहत होत्या, आणि लालीबाईचे डोळे भरून वाहत होते.

एकाएकी हंसाबाईनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"माही पोरगी जाऊन चार महिने नाई झाले," ती पुटपुटली, "अन् मी हसून राह्यली."

लालीबाई उठली, सुनेजवळ येऊन बसली आणि तिचे हात तोंडावरून बाजूला केले.

"हस माय. पोरगी तुले हसवाले काय काय करे! तोंडाले राख फासून येये अन् म्हणे, मले ओयख."

"अन् मी म्हणो, कोण आली वो ही म्हातारी?" हंसाबाई म्हणाली. म्हणता म्हणता ती रडू लागली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पुष्कळ वेळ रडली.

हरिसिंग शेतातून धावत आला. हसण्याचा आवाज त्याला बांधावर ऐकू गेला होता आणि तो घाबरला होता.

"काय झालं? हिले काय झालं?"

"काई नाई," लालीबाई म्हणाली. "बस. पोरीची गोष्ट निंगाली."

तो दारातच बसला. जरा वेळानं हळूच म्हणाला, "माही टोपी बकरीले घालून तिले तांड्याचा नायक म्हणे."

यावर सगळ्याच हसल्या. कुंदासुद्धा हसली, आणि राखेनं भरलेलं तोंड पुसायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

नळात ओली माती अडकली होती. दुपारी हंसाबाईनंच काठी घालून ती काढली. संध्याकाळी धूर बाहेर जाऊ लागला. पहिली भाकरी तिनं कुंदाच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "बसा बाई. माही सोनी कशी होती, थे सांगतो तुमाले."