कुंडीखालची फळी

मित्रांनो, खिडकीतल्या कुंडीखाली जरा वाकून पाहा. मी एक जुनी फळी आहे, भाजी चिरायची. आता कुंडीतून झिरपणारे पाणी पिते आणि गप्प पडून असते. थकले आहे, पण एकदा बोलायचे आहे.

सुताराने रंधा मारून, घासून मला गुळगुळीत केले. मला विकत घेणाऱ्या बाईंना तो म्हणाला, "अधूनमधून जवसाचं कच्चं तेल चोळा. दारांना लावतात ते नको, त्यात लवकर सुकायची औषधं असतात. जास्तीचं पुसा आणि पुरतं सुकू द्या."

बाईंनी ते मनावर घेतले. येणारेजाणारे माझे कौतुक करायचे. मग त्यांना मुलगी झाली, चिऊ. घर, नोकरी, मूल! चिऊच्या आईला स्वतःच्या केसांना तेल लावायची फुरसत नव्हती, तिथे मला कोण विचारतो? मी तासन्‌तास सिंकमध्ये भिजायचे, मग उन्हात तडकायचे. राग यायचा, पण काढणार कोणावर?

एकदा चिऊची आत्या राहायला आली. मला पाहून हळहळली. "अगं बाई, काय दशा झालीय हिची!" तिने पिशवीतून घाण्याचे शेंगदाणा तेल काढले.

"ताई, चिऊला शेंगदाणा चालत नाही हं," चिऊचे बाबा म्हणाले.

"तिला कुठे खायला घालतेय? लाकडालाच तर लावतेय."

बाबांनाही ते पटले. आत्याने मायेने तेल चोळले आणि खरे सांगते, मी अधाशासारखी प्यायले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझी विचारपूस केली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर सफरचंद चिरले. फोड खाताच चिऊचे ओठ सुजले, तिला श्वास घेता येईना. बाबा तिला उचलून दवाखान्यात धावले. सगळ्यांनी सफरचंदाला बोल लावला. खरे काय ते मला ठाऊक होते. ओरडून सांगावेसे वाटत होते, पण लाकडाला तोंड कुठे असते?

इंजेक्शन घेऊन चिऊ घरी आली. आईने तिच्यासाठी नाशपती घेतली, माझ्यावर ठेवली, सुरी उचलली. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात ती थांबली. वाकून तिने मला हुंगले.

"ताई, हिला काय लावलंत?"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मी चांगलं म्हणून..." ती खाली बसून रडू लागली. चिऊची आई रागावली नाही, तिने फक्त पाणी आणून दिले.

गरम पाण्याने, साबणाने मला घासून पाहिले. मुरलेले तेल जाईना. नवी फळी आली. तिच्यासाठी आईने औषधांच्या दुकानातून बिनवासाचे पॅराफिन तेल आणले, बाटलीवरचे बारीक अक्षर दोनदा वाचून. मी कुंडीखाली आले.

चिऊ रोज झाडाला पाणी घालते. मला हात लावायची तिला मनाई आहे. वाईट वाटते, फार वाटते. मित्रांनो, आमची निगा जरूर राखा. पण बाटली उघडण्याआधी, आमच्यावर चिरलेले कोण खाणार आहे तेवढे विचारा.

काल चिऊ सफरचंदाची फोड घेऊन खिडकीशी उभी राहिली. मी तिच्या ओठांकडे पाहत राहिले. फोड संपली. ओठ होते तसेच होते.