शिशाच्या खात्यातला डगला

मित्रांनो, मी एक जुना निळा डगला आहे. बल्गेरियातल्या एका बॅटरीच्या कारखान्यात, शिसं ओतायच्या खात्यात, मी रुमियानाच्या अंगावर असायचो. नवा होतो तेव्हा ती मला घालून आरशासमोर उभी राहिली होती. मग शिशाची राखाडी धूळ बसली आणि माझा रंग गेला. वाईट वाटलं का? आता आठवत नाही.

त्या खात्यात प्रत्येकाला रोज दह्याची बरणी मिळे, शिशाच्या विषावर उतारा म्हणून. दही खाल्लं की झालं, अशी सगळ्यांची समजूत. मास्क खिळ्याला लटकलेले असत आणि हात धुवायची कुणाला गरज वाटत नसे. म्हातारे मित्कोदादा म्हणायचे, "अगं, दही पोटात गेलं की शिसं पळतं बघ. मला काय धाड भरलीय?" त्यांचं उजवं मनगट लुळं पडलं होतं. चमचा ते डाव्या हातात धरायचे.

रुमियाना आपलं दही खात नसे. बरणी माझ्या खिशात घालून ती घरी न्यायची, पाच वर्षांच्या लेकीसाठी, एलित्सासाठी. पोर दारातच मला बिलगे, खिशात हात घाली, बरणीचं झाकण चाटे. मला फार बरं वाटायचं.

हळूहळू एलित्साचं पोट दुखू लागलं. ती जेवेना. तोंडपाठ गाणी विसरू लागली. रुमियाना तिला आणखी दही भरवायची. शेवटी कारखान्याच्या डॉक्टर गांचेवाबाईंनी पोरीचं रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं.

"दह्यानं शिसं जात नाही गं," बाई म्हणाल्या. "आणि हा डगला घालून घरी जातेस? याच्या धुळीतून रोज तूच नेऊन देतेयस शिसं तिला."

रुमियाना रडली नाही. माझ्या बटणाशी चाळा करत बसून राहिली.

त्या संध्याकाळी एलित्सा धावत आली, तशी रुमियाना ओरडली, "हात लावू नकोस मला!" मग मला कुंपणावर टाकून तिने अंगणातल्या नळावर हात, तोंड, केस धुतले. पुढे रोज तसंच.

गांचेवाबाईंनी साहेबांशी भांडून कारखान्यात न्हाणीघर करून घेतलं. आता मी तिथेच धुतला जातो, घरी जात नाही. एलित्साला गाणी आठवली का, मला ठाऊक नाही. त्या घरातल्या माझ्या शेवटच्या संध्याकाळी ती पायरीवर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"आई, आता येऊ का?" तिने विचारलं.

मित्रांनो, कामाची धूळ कामावरच राहू द्या. आणि कारखाना ज्यांचा आहे, त्यांच्याकडे दही मागू नका. पाणी, साबण आणि स्वच्छ हवा मागा. आईला बिलगायला कुठल्याच पोरीला परवानगी मागावी लागू नये.