अर्ध्यावरचा झेंडा

अकोल्याच्या जठारपेठेत माझ्या नवऱ्याची चेष्टा एकाच गोष्टीवरून होते. कुणी जय भीम म्हणो, नमस्कार करो, नाहीतर नुसती मान हलवो, सुगत हातातलं काम टाकून आधी त्याला उत्तर देणार. एकदा पलीकडून कुणीतरी हात दाखवला, तर यांनी भर चौकात स्कूटरचं हँडल सोडलं. मी नालीत. गुडघा फुटला तरी हे आधी त्या माणसाला नमस्कार करून आले, मग मला उचललं. तेव्हा मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पंधरा वर्षं नौदलात सिग्नलमन होते. झेंडे चढवायचे, उतरवायचे, दिव्याच्या उघडझापीनं निरोप द्यायचे, हे त्यांचं काम. आता इथल्याच एका शाळेच्या ऑफिसात आहेत. शिस्त अंगात मुरली असेल, असं मी बायकांना सांगत आले. खरं कारण मला मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. चोवीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

दिवस मावळताना ते रोज गच्चीवर जातात, पश्चिमेकडे तोंड करून ताठ उभे राहतात आणि अंधार पडला की खाली येतात. मी ते व्यायामात धरलं होतं. मागच्या वर्षी एका संध्याकाळी वाळत घातलेल्या मिरच्या आणायला मी वर गेले.

"दिसते का तुले?" मागे न वळता त्यांनी विचारलं. "अजून खालीच हाये."

"काय खाली हाये?"

त्यांनी बोट दाखवलं. पाण्याच्या टाक्यांपलीकडे एक काठी उभी होती आणि तिच्या अर्ध्यावर लाल झेंडा. वारा असा होता की माझा पदर, मिरच्यांवरचं फडकं, सगळं उडत होतं. तो झेंडा मात्र हलत नव्हता. त्याच्याखाली दोरी धरून कुणीतरी आमच्याकडे पाहत होतं. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, तर नुसतं आभाळ. मी घाबरले, सरळ सांगते. यांचा दंड धरला आणि विचारलं, "कोन हाये तो?"

मग मिरच्यांशेजारी बसून त्यांनी सांगितलं.

समुद्रावरची एक रीत आहे. मालवाहू जहाज युद्धनौकेजवळून जाताना आपला लाल झेंडा अर्ध्यावर उतरवतं. तो सलाम. युद्धनौकेनं आपला झेंडा तसाच उतरवून पुन्हा वर चढवायचा. ते उत्तर. उत्तर येईपर्यंत मालवाहू जहाजाचा माणूस झेंडा वर घेत नाही, दोरी धरून उभा राहतो.

जूनचे दिवस होते, समुद्र खवळलेला. सुगत तेव्हा पंचविशीतले, झेंड्यावर त्यांचीच पाळी. एका लहानशा मालवाहू जहाजानं सलाम केला. यांनी तो पाहिला आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही.

"आमी पोट्टे अशी गंमत कराचो," ते म्हणाले. "थोडं उभं राहू द्याचं त्यायले."

तेवढ्यात कुठलासा निरोप आला, हे त्याच्यात अडकले, आणि सूर्यास्त झाला. सूर्यास्ताला युद्धनौकेचा झेंडा मोठ्या मानानं उतरतो. शिट्टी वाजते, सगळे ताठ उभे राहतात. यांनीच तो उतरवला. आता उत्तर द्यायला झेंडाच उरला नव्हता. दुर्बिणीतून पाहिलं, तर पलीकडचा पोरगा जहाजाच्या मागच्या टोकाला, लाटांनी चिंब, अजून दोरी धरून उभा. मग अंधारून आलं आणि काही दिसेना.

आठवड्यानं पेपरात बातमी आली. त्या जहाजावरचा एक खलाशी त्याच संध्याकाळी समुद्रात गेला. देवीदास, वय एकवीस, राहणार धामणगाव रेल्वे.

"आपल्याच इकडचा," सुगत म्हणाले. "मी कोनालेच नाई सांगतलं."

मी धीर दिला नाही. मला तो देताच आला नाही. "त्याच्या मायले मालूम हाये?" मी विचारलं. ते मिरच्या गोळा करू लागले. "साऱ्या गावाले उत्तर देऊन राहिले, अन् जिले द्याचं तिलेच नाई?"

रविवारी सकाळच्या गाडीनं मी त्यांना घेऊन गेले. धामणगावात स्टेशनाबाहेर पानठेल्यावर देवीदासच्या घराचा पत्ता विचारला. ठेलेवाला म्हणाला, "सुंदराबाई हारवाली? जिच्या पोरानं जहाजावरून उडी मारली, तेच न?"

सुगत जागीच थांबले. "उडी?"

"बापानं मारलं म्हनून रागानं निंगून गेलता. मंग तिकडंच जीव देल्ला."

तिथून तिच्या घरापर्यंत हे माझा हात धरून चालले. लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.

सुंदराबाई ओसरीवर झेंडूचे हार ओवत होती. पंचाहत्तरीची असेल. सुगत बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, गंमतसुद्धा लपवली नाही. सुरुवातीला तिची सुई चालू होती. नंतर थांबली.

"म्हंजे त्यानं उडी नाई मारली?"

"पडतानी मी नाई पाह्यलं, माय. पन जीव देनारा मानूस दोरी धरून उभा नाई राहत. तो माह्या उत्तराची वाट पाहून राहिला होता."

"रडत होता?"

"नाई. ताठ उभा होता. कामावर होता."

ती आता यांना मारेल, असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर मारलं असतं. तिनं हार बाजूला ठेवला, यांचं मनगट धरलं आणि आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता.

"हे त्याचे वडील, खुशालराव," ती म्हणाली. "पोरगं गेल्यावर सतरा वर्सं जगले. मराच्या आदल्या रोजी म्हने, मी हात उचलला नसता तं माहा देवीदास आज असता."

तिनं सुगतना फोटोसमोर उभं केलं.

"आता यायले सांगा. मोठ्यानं सांगा, शेवटी शेवटी त्यायले कमी ऐकू ये."

सुगत बोलू लागले. 'गंमत' या शब्दाशी ते अडखळले. सुंदराबाईनं त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला, ते पिईपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "पह्यल्यापासून सांगा."