शेवटच्या घरापर्यंतचं डांबर

गल्ली खासगी होती, म्हणून नगरपालिकेने हात वर केले होते. मोठ्या रस्त्यापासून आत जाणारी ती बोळकांडी पुढे बंद होत होती, आणि तिच्यातल्या खड्ड्यांची मालकी रहिवाशांकडे होती. गेली कित्येक वर्षं रहिवासी त्या मालकीवर समाधान मानून होते. मग दातांच्या डॉक्टरांचा एक पेशंट खड्ड्यात पाय मुरगळून पडला आणि दाताऐवजी घोटा धरून परत गेला, तेव्हा रस्ता करायचाच असं ठरलं.

काम आपसूक इस्टिमेटबाईंकडे आलं. रस्ते करणाऱ्या एका कंपनीत त्या अंदाजपत्रकं करायच्या. कुठल्या भागात डांबर काय दराने मिळतं, खडी कुठून आणली तर परवडते, ट्रक किती वेळ रस्त्यात राहिला तर माल वाया जातो, हा त्यांचा रोजचा उद्योग. शेजाऱ्यांनी त्यांना नाव ठेवलं ते थोडं कौतुकाने आणि बरंचसं त्यांच्या स्वभावामुळे. पाहुणे किती येणार हे कळल्याशिवाय त्या चहाचं आधण ठेवत नसत.

वर्गणी हिवाळ्यात गोळा झाली, सगळ्या घरांची सारखी. बाईंनी त्यावेळच्या दराने हिशेब मांडला होता आणि वर थोडी वाढीव रक्कमही धरली होती. पण काम लागायच्या आधी जवळचा तेलशुद्धीकरण कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला. तिथूनच आसपासच्या, खडी-डांबर कालवणाऱ्या सगळ्या प्लांटना डांबर जायचं. आता ते लांबून यायला लागलं आणि दर असा चढला की धरलेली वाढीव रक्कम पहिल्याच आठवड्यात संपली.

बाईंनी ओळखीच्या प्लांटवाल्यांना फोन लावले. बंदराकडच्या प्लांटवर माल अजून स्वस्त होता, कारण त्यांची टाकी जुन्या दरात भरलेली होती. पण तिथून यायचं म्हणजे डोंगर ओलांडायचा. गरम माल ताडपत्रीखाली झाकून आणला तरी पोचेपर्यंत निवणार, आणि निवलेला माल रोलरखाली नीट दबत नाही. वर्षभरात पोपडे सुटतात. स्वस्तात घेतलेलं डांबर दोनदा घ्यावं लागतं, हे त्या ऑफिसात इतरांना सांगत आल्या होत्या. स्वतःच्या गल्लीत वेगळं कसं वागणार?

रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे पैशाविषयी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली जायचा. पुन्हा वर्गणी काढावी का, असं त्यांनी विचारलं, तर गल्लीच्या तोंडाशी ज्याचं दुकान होतं तो गॅरेजवाला म्हणाला, एकदा दिली ती दिली. इतरांनी माना डोलावल्या. मग थर पातळ करा, अशी सूचना आली. बाई म्हणाल्या, पातळ थर म्हणजे नुसतं तोंडाला पानं पुसणं. गॅरेजवाल्याच्या गिऱ्हाइकांचे टेम्पो दोन पावसाळ्यांत तो उखडून काढतील. जाडी राखायची तर लांबी कमी करावी लागेल. कोणालाच ते आपल्या घरासमोर कमी होईल असं वाटलं नाही, म्हणून ठराव पटकन मंजूर झाला.

बाईंनी नकाशा पुढे ओढला आणि गल्लीच्या तोंडापासून मोजत आत गेल्या. पैसे जिथे संपत होते तिथे पेन्सिलीने रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती आपल्याच थोरल्या जाऊबाईंच्या कुंपणाला लागून पडली आहे. बाकी सगळी गल्ली रेघेच्या अलीकडे होती. पलीकडे एकच घर होतं, जाऊबाईंचं, शेवटचं.

दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने चष्मा काढून पुसला.

दोन्ही जावांचं बोलणं बंद होतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारणही ठाऊक होतं, घरागणिक वेगवेगळं. खरं कारण साधं होतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळात कोणी कधी थांबायचं याचा तक्ता धाकटीने केला होता, अगदी चोख, दोघींना सारख्या पाळ्या. थोरलीने तो वाचला, घडी घातला आणि म्हणाली, हिशेबातली माणसं माया पण मोजूनच करतात. सासूबाई गेल्या. पाळ्या संपल्या, ते वाक्य राहिलं.

दोन दिवसांत गल्लीभर झालं की इस्टिमेटबाईंनी डाव साधला. कोणी तोंडावर म्हटलं नाही. वाण्याच्या दुकानात त्या शिरल्या की बोलणं हवामानाकडे वळायचं.

त्यांचे यजमान स्वभावाने गरीब. बायको आणि वहिनी यांच्यामध्ये ते इतकी वर्षं भिंतीसारखे उभे होते, म्हणजे दोन्हीकडून टेकायच्या उपयोगाचे. जेवताना त्यांनी हळूच विषय काढला, "दादा काही म्हणाला नाही."

"आणि वहिनी?"

"ती म्हणाली, बरं झालं, धूळ आमच्याकडे राहू दे."

बाईंनी त्यांना दर समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले की सगळं बरोबर आहे, पण लोकांना दर दिसत नाहीत, घर दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टेप घेऊन गल्लीत उतरल्या. कुठेतरी आपली चूक निघावी अशी त्यांची इच्छा होती, आणि असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच झालं असेल. चूक निघाली नाही. मोजत मोजत त्या शेवटच्या फाटकाशी आल्या तर थोरल्या जाऊबाई पायरीवर बसून चपलेचा पट्टा शिवत होत्या.

"मोज, मोज," थोरली वर न बघता म्हणाली. "माझ्या दाराशी येईपर्यंत संपलं ना?"

"दर वाढलेत, वहिनी. कारखाना बंद आहे."

"माहिती आहे. पेपर माझ्याकडेही येतो." तिने दोरा दाताने तोडला. "दराचं मी कुठे म्हणते? पण मोजायला सुरुवात कुठून करायची, ते नेहमी तूच ठरवतेस. सासूबाईंच्या वेळी इस्पितळात नेल्या दिवसापासून मोजलंस. त्याच्या आधी त्या दोन वर्षं याच घरात पडून होत्या."

तक्ता चुकीचा होता असं त्यांना त्या क्षणीही वाटलं नाही. इस्पितळाचा तक्ता इस्पितळापासूनच सुरू होणार. पण टेप गुंडाळत परत येताना त्या अर्ध्या गल्लीत थांबल्या, मागे वळून पाहिलं, मग पुढे पाहिलं, आणि घरी न जाता तशाच ऑफिसला गेल्या.

ऑफिसात त्यांनी मुकादमाला विचारलं की बंद गल्ली कुठल्या टोकाकडून करतात. मुकादम त्यांच्याकडे बघतच राहिला. बाई, तुम्ही विचारताय? आतून बाहेर, तो म्हणाला. बाहेरून आत गेलात तर पुढच्या मालाचे ट्रक ताज्या डांबरावरूनच जाणार ना. बाईंना हे माहीत होतं. कंपनीच्या कामात त्या डोळे मिटून तसंच मांडत असत. स्वतःच्या गल्लीत मात्र त्यांनी घरं जशी मोजतात, तशी तोंडापासून लांबी मोजली होती.

पुन्हा बैठक बसली. या वेळी रेघ मोठ्या रस्त्याच्या जरा अलीकडे पडली, बरोबर गॅरेजच्या समोर.

गॅरेजवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपणही सगळ्यांइतकीच वर्गणी दिली आहे, याची त्याने आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, शेवटच्या घरासमोरचा रस्ता एकट्या त्या घराला लागतो, तोंडाशी असलेला सगळ्यांनाच लागतो. खड्डा ठेवायचाच असेल तर तो सगळ्यांच्या वाटेत असू दे, एकाच्या दारात नको.

अध्यक्ष आवाज खाली घेऊन म्हणाले, "म्हणजे हे जाऊबाईंसाठी चाललंय."

"गेल्या बैठकीनंतर मी हे जाऊबाईंच्या वाईटासाठी केलं असं म्हणत होतात," बाई म्हणाल्या. "दोन्हीपैकी काय ते एकदा ठरवा, म्हणजे मलाही कळेल."

डॉक्टरांची बायको पहिल्यांदा हसली. मग मुकादमाचं म्हणणं बाईंनी सांगितलं, आणि काम करणाऱ्याचंच मत तसं आहे म्हटल्यावर विरोध करायला फारसं काही उरलं नाही. गॅरेजवाल्याने ठरावावर सही केली नाही, एवढंच.

काम एका दिवसात झालं. सकाळी यंत्र आत नेलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या कुंपणांशी जेमतेम वीतभर जागा उरली होती. ट्रकमधून वाफाळता काळा माल पडला, यंत्राने तो पसरला, मागून रोलर फिरला. वास घराघरांत शिरला आणि लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. बाई ऑफिसातून सुट्टी घेऊन दिवसभर उभ्या होत्या. आलेल्या प्रत्येक ट्रकच्या मालात मुकादमाने उष्णतामापक खुपसला की त्या वाकून बघायच्या.

रोलर पुढे सरकल्यावर थोरल्या जाऊबाई फाटकाशी आल्या.

"यावर पाणी मारायचं का?" त्यांनी विचारलं.

"नको. आज गाडी मात्र आणू नका."

"बरं."

त्या आत गेल्या. सहा वर्षांत डांबरामुळे का होईना, दोघींची पहिलीच दोन सरळ वाक्यं झाली होती.

गल्लीचं तोंड तसंच राहिलं. पावसाळ्यात तिथे तळं साचलं. गॅरेजवाल्याने विटांचे तुकडे टाकले, ते चिखलात बुडाले. रोज सकाळी कामावर जाणारा प्रत्येकजण त्या तळ्याला वळसा घालताना इस्टिमेटबाईंना दोन शब्द वाहायचा, आणि त्यांच्या यजमानांना ते ऐकावे लागायचे. पण खड्डा आता एकाचा नव्हता, आणि सगळ्यांचा म्हटल्यावर तो फार दिवस टिकणार नाही, हे बाईंना कळत होतं. पाऊस सरला, कारखाना सुरू झाला, दर उतरले. बैठकीची वाट न बघता गॅरेजवालाच वर्गणीच्या गोष्टी करू लागला.

सगळ्यांनी दिली. थोरल्या जाऊबाईंनी दिली नाही. माझ्या दारातलं झालंय, असं त्यांनी अध्यक्षांना शांतपणे सांगितलं. अध्यक्ष बाईंकडे आले आणि म्हणाले, हे तुमचं घरचं आहे, तुम्हीच बघा.

यजमान म्हणाले, आपणच भरून टाकू, कोणाला कळायचंही नाही. बाई म्हणाल्या, तिला कळेल. आणि संध्याकाळी एकट्याच निघाल्या.

थोरलीने दार उघडलं आणि बाजूला झाली. आतली खोली बाईंच्या आठवणीपेक्षा लहान होती. सासूबाईंची खाट काढून तिथे शिलाईचं मशीन मांडलं होतं. थोरले दीर गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते, ते उगाच उठायला लागले, त्यांना दोघींनी एकदमच बसा म्हटलं.

बाईंनी वर्गणीचा विषय काढला नाही. गुडघ्याचं विचारलं. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दोन वर्षं मोजायला हवी होती."

थोरलीने मशीनवरचं कापड सारखं केलं. "हो," ती म्हणाली.

मग तिने विचारलं की मागच्यापेक्षा दर खरंच उतरलेत का, की अध्यक्ष नुसते सांगतात. बाईंनी सांगितलं. बंदराकडचा दर का वेगळा, डोंगर मध्ये आला की काय होतं, तेही सांगितलं. थोरलीने अधूनमधून शंका काढल्या, त्या चांगल्या होत्या. शेवटी तिने कपाटातून पैसे काढून दिले आणि पावती हवी म्हणाली.

बाईंनी तिथेच बसून पावती लिहिली.