दर भेटीअंती

टॅमसिन रोवेटच्या वेबसाइटवर सगळं होतं. तिने सजवलेली घरं होती, गिऱ्हाइकांनी केलेलं कौतुक होतं, तिच्या कुत्र्याचा फोटोसुद्धा होता. नव्हता तो फक्त दर. त्या जागी एक गोडसं वाक्य होतं, की प्रत्येक घर वेगळं असतं, तेव्हा फोन करा, बोलू.

रेलीन नोस्केने ते वाक्य तीनदा वाचलं आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अडुसष्ट वर्षांत ज्याने ज्याने तिला 'आधी बोलू' म्हटलं होतं, त्याने त्याने शेवटी तिची पर्स हलकी केली होती. छपराचे पत्रे बदलणारा काय, दातांचा डॉक्टर काय, सगळे एकाच माळेचे मणी.

"अगं, साधं आहे," ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिस पेडलर म्हणजे शेजारीण, तीस वर्षांची मैत्रीण. जगातल्या प्रत्येक धंद्याचं बिंग आपल्याला ठाऊक आहे, अशी तिची ठाम समजूत. "हे इंटिरिअर डिझायनर लोक घरात शिरण्याआधी अंगणात बघतात. गाडी कुठली, बोट आहे का, गाडीमागे ओढायची कारवान आहे का. मग आकडा ठरतो. माझ्या नणंदेच्या दारात नवीकोरी जर्मन गाडी होती. स्वयंपाकघराचा आकडा ऐकला आणि बिचारी मट्कन खालीच बसली."

"मग मी काय गाडी गिळू?"

"गिळू नकोस. माझ्या शेडमध्ये आणून लाव."

खरं तर रेलीनला पैशाची ददात नव्हती. नवरा-बायकोने चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवून चांगल्या भावात विकलं होतं. गूलवा गावात नदीकाठी घर होतं. पण कुणीतरी आपल्याला टोपी घातली, हे तिला मरेपर्यंत सहन झालं नसतं. आणि या बाईची गरज तर होतीच. एप्रिलमध्ये नवऱ्याला, लायलला, लकव्याचा झटका आला आणि डावं अंग गेलं, तेव्हापासून तो ॲडलेडच्या रुग्णालयात होता. अठ्ठावीस जुलैला त्याला घरी सोडणार होते, पण एका अटीवर. वीस तारखेला रुग्णालयाची एक बाई घर बघायला येणार. न्हाणीघराला पायरी नको, दारं रुंद हवीत, निजायची खोली खाली हवी. नाही जमलं, तर लायल 'थोड्या दिवसांसाठी' वृद्धाश्रमात. रेलीनची आई अशीच थोड्या दिवसांसाठी गेली होती. ती परत आलीच नाही.

हाताशी सुतार आणि प्लंबर बाळगणारी, महिन्याभरात असं काम उरकून देणारी आसपास ही एकच टॅमसिन होती. तिला टाळणं शक्य नव्हतं. तिच्यापासून सावध राहणं तेवढं शक्य होतं.

रविवारी दोघी कामाला लागल्या. लायलची सात मीटरची बोट ग्लेनिसच्या शेडमध्ये गेली, तिच्यामागे कारवान, तिच्यामागे गाडी. कॉफीचं भलंमोठं यंत्र कपडे धुवायच्या खोलीत चादरीखाली दडलं. ग्लेनिसने आपल्या घरून कान तुटलेले दोन मग आणले.

"आणि तो कोपरावर विरलेला स्वेटर घाल," ती म्हणाली.

"तो लायल बाग खणताना घालतो."

"मग तर फारच उत्तम."

मंगळवारी टॅमसिन आली. पन्नाशीची, बारीक केसांची, बुटांना चिखल. दारात थांबून तिने अंगणातल्या रिकाम्या काँक्रीटकडे नीट बघितलं. रेलीन खिडकीतून बघतच होती. आलीस ना वळणावर, ती मनात म्हणाली.

टॅमसिनने प्रत्येक दार टेपने मोजलं. मग न्हाणीघरात जाऊन ती कमोडच्या झाकणावर बसली, डावा हात मांडीवर मेल्यासारखा टाकला आणि नुसत्या उजव्या हाताच्या जोरावर उठायचा प्रयत्न करू लागली. एकदा, दोनदा, चारदा. दर वेळी ती भिंतीवर पेन्सिलीने खूण करत होती. नाटकं, असं रेलीनला वाटलं. हे सगळं बिलात लागणार.

तुटक्या मगातला चहा घेताना टॅमसिनने विचारलं, "लायल दिवसभर काय करायचे? त्यांचा जीव कशात?"

बोटीत. दुसरं उत्तरच नव्हतं. वाकड्या झालेल्या तोंडाने लायल अजूनही आधी बोटीचीच चौकशी करायचा. रेलीनने जीभ आवरली. "टीव्हीत," ती म्हणाली.

"आणि ही खिडकीतली नदी?"

"ती काय, आहे आपली."

टॅमसिनने वहीत लिहून घेतलं.

"दर किती म्हणालात?"

"सोमवारी सांगते."

"आत्ता का नाही?"

"थोडा विचार करायचाय."

ती गेल्यावर ग्लेनिस कुंपणावरून म्हणाली, "बघ! घाई केली नाही. पाणी जोखत होती तुझं."

सोमवारी टॅमसिनने टेबलावर नकाशा पसरला आणि त्यावर एक कागद ठेवला. एकोणीसशे डॉलर. रेलीनने सात हजारांची तयारी ठेवली होती. तिचं समाधान व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच.

"एवढ्यात कोण करतं? आतली गोष्ट काय आहे, ते सांगा."

टॅमसिन जरा अवघडली. "माझा पूर्ण दर सहा हजार आठशे आहे. ज्यांच्या अंगणात बोट असते, त्यांच्याकडून मी तो पुरेपूर घेते. त्याच्या जोरावर वर्षाला दोन घरं अशी स्वस्तात करते. दर वेबसाइटवर टाकला असता, तर तुम्ही फोन तरी केला असता का? बघूनच गप्प बसला असता." मग हळूच, "कुणाला सांगू नका. या वर्षीचं दुसरं घर मरे ब्रिज गावच्या एका माणसाला देणार होते. त्याच्या बायकोची दृष्टी गेलीय. पण तुमची तारीख आधीची, म्हणून त्याला पुढच्या वर्षी या म्हटलं."

रेलीनचे कान तापले. ग्लेनिस खरं तेच बोलली होती. बाई अंगणातच बघत होती.

तिने मान खाली घातली, तर समोर नकाशा. त्यात लायलची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून होती, नदीकडे पाठ. उरलेलं सगळं आयुष्य तो असा बसणार होता, तिने मारलेल्या थापेकडे बघत. आता खरं सांगावं तर ही बाई नकाशा गुंडाळून चालती होईल, वीस तारीख हुकेल आणि लायल वृद्धाश्रमात जाईल. रेलीन घाबरली होती. एवढी ती झटक्याच्या रात्रीही घाबरली नव्हती.

"या जरा माझ्याबरोबर," ती म्हणाली.

शेडचं दार तिने स्वतः सरकवलं. बोट, कारवान, गाडी. टॅमसिन बोटीभोवती एक फेरी मारून आली. रेलीन बोलायची थांबेना. दर दिसला नाही म्हणून, सगळेच लुटतात म्हणून, ग्लेनिसची नणंद म्हणून, असं काय काय बोलत राहिली.

"लायल तरी आहे ना?" टॅमसिनने विचारलं.

"काय?"

"नवरा. तो तरी खरा आहे ना?"

रेलीनला रडू फुटलं. तिने फोटो दाखवायला फोन काढला, तर टॅमसिन म्हणाली, "फोटो नको." तिथेच उभं राहून तिने ॲडलेडच्या रुग्णालयात फोन लावला, वॉर्ड मागितला, नाव सांगितलं आणि नोस्के नावाचा पेशंट अठ्ठावीसला सुटतोय याची खात्री करून घेतली. मग फोन खिशात टाकला.

"सहा हजार आठशे. खुर्ची नदीकडे फिरवते."

काम अठराला संपलं. टॅमसिन चारदा येऊन गेली, इंच-सेंटिमीटरपलीकडे एक शब्द बोलली नाही. वीसला रुग्णालयाची बाई येऊन मान डोलावून गेली. अठ्ठावीसला लायल घरी आला, खिडकीशी बसला आणि धक्क्याला लावलेली बोट बघून लहान मुलासारखा रडला. रेलीनला हवं ते सगळं मिळालं होतं.

शेवटचे पैसे देताना तिने विचारलं, "त्या मरे ब्रिजवाल्यांचं काय झालं? आता तुमच्याकडे जागा झाली ना?"

"झाली. बोलावलंही. पण आता मी आधी कागद मागते, बँकेचे आणि उत्पन्नाचे. ते म्हणाले, आम्ही भीक मागायला आलो नव्हतो." टॅमसिनने पावती फाडून दिली. "त्यांचं बरोबर आहे. पण माझंही बरोबर आहे."

रेलीनला त्या रात्री नीट झोप लागली नाही, पुढच्याही नाही. पत्ता तिने प्लंबरकडून काढला, तो ते घर बघून आला होता. गुरुवारी ग्लेनिसला लायलजवळ बसवून ती गाडी घेऊन तासभर लांब गेली. चेकबुक पर्समध्ये होतं. काय बोलायचं, ते तिने वाटेत दहादा घोकलं होतं.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच, वाळक्या माणसाने. त्याने आधी तिच्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तुमच्या घराचं काम राहिलंय, असं कळलं," रेलीन म्हणाली. "टॅमसिन रोवेटची फी मी भरते. सगळी. परत द्यायची नाही."

"आपली ओळख?"

"नाही."

"मग का भरणार?"

खरं उत्तर फार लांब होतं, आणि दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. "माझ्यामुळे तुमचं नुकसान झालंय," ती एवढंच म्हणाली.

"कसलं? मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय." त्याने दार थोडं ओढून घेतलं. "हे बघा बाई, माझी बायको आंधळी आहे, मी नाही. फुकट काही देणारी माणसं या दारात आजवर बरीच येऊन गेलीत. कशावर सही करायची असते, ते तुम्ही नंतर काढता."

"सही नाही, काही नाही. चेक आत्ता लिहून देते."

"ते तर सगळेच म्हणतात."

तिने पर्स उघडली, पण दार लागलं होतं. आतून एका बाईने विचारलं, "कोण आहे हो?" भिंत चाचपत जवळ येणारा आवाज होता.

"कुणी नाही," माणूस म्हणाला. "काहीतरी विकायला आलेली बाई आहे. जाईल आपोआप."