पेन आत जाईना

काल संध्याकाळी पेन भोकात सुळकन उतरलं होतं. आज सकाळी तेच पेन, तेच भोक, आणि अर्ध्यातच अडकलं.

ऑरिन बुचकळ्यात पडला. नात ब्रिटा वकिलीचं पहिलं ऑफिस उघडणार होती. तिच्या टेबलासाठी त्यानं गॅरेजमधल्या लाकूड कातायच्या लेथवर चेरीच्या लाकडाचा पेनस्टँड केला होता. त्यानं चष्मा पुसला, पेन उलटसुलट करून पाहिलं. भोक आपण खरंच पाडलं की पाडायचं नुसतं ठरवलं, इथपर्यंत त्याची मजल गेली. मग मात्र त्यानं पेन खाली ठेवलं. थोरल्या भावाचं, हाल्वरचं, असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या सापडेनात, मग बायको ओळखू येईना. आता आपली पाळी आली की काय?

शेजारचा व्हर्लिन बुटांवरचा बर्फ झटकत आत आला. तोही लेथवालाच, त्यामुळे एकमेकांच्या कामाला नावं ठेवणं हा दोघांचा हक्क. त्यानं भोकात बोट फिरवलं.

"अरे लेका, भोक लांबुळकं झालंय! ओलं लाकूड घेतलंस तू. रात्रभर हीटर चालला, लाकूड आक्रसलं."

"ओलं कसं असेल? सुकलेल्यातलंच घेतलं मी."

"मग कातताना लांबच लांब ओलसर रिबिनी निघाल्या की नाही? इतकी वर्षं काय गवत कापत होतास?"

निघाल्या होत्या. ऑरिनला वाटलं होतं, वा, पटाशीला काय धार लावलीय आपण!

व्हर्लिन हसत निघून गेला, पण ऑरिनचा गोंधळ दुप्पट झाला. गॅरेजमधल्या लाकडाला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नसे. मग ओला ओंडका सुक्यांत ठेवला कुणी? आपणच? कधी? काही केल्या आठवेना.

बायको, आर्डिस, कॉफी घेऊन आली तेव्हा तो तसाच उभा होता. त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं कॉफीचा कप लेथशेजारी ठेवला.

"अरे, तो ओंडका मीच ठेवला. झाडताना पायात येत होता."

"तू?" ऑरिनचा जीव भांड्यात पडला. "मग सांगायचं नाही का, बाई? मला वाटलं, गेलं माझं डोकं!"

"राहून गेलं सांगायचं."

"ठेवलास कुठे पण?"

"हे काय, या खालच्या फळीवर. तुझ्या सुक्या लाकडांत."

खालच्या फळीवर सगळी ओली लाकडं होती. सुकी असत पार वर, छताला लागून. शिडी लावूनच त्यानं काल तो ओंडका उतरवला होता.

त्यानं आर्डिसकडे पाहिलं. ती त्याच्या नजरेला नजर देईना. म्हणजे आपलं विसरणं हिच्या आधीच लक्षात आलं होतं तर. किती दिवस सांभाळून घेत होती, कोण जाणे. त्याला रडू येईलसं वाटलं.

"हो गं," तो म्हणाला, "तिथंच होता."